हात दिसू दे, आवाज नको

आमच्या परीक्षा केंद्रातल्या भिंतीवर एकही वस्तू सरळ नव्हती. घड्याळ डावीकडे कललेलं, ‘शांतता राखा’ची अरबी पाटी डावीकडे कललेली, आग लागल्यास कुठून पळायचं त्याचा नकाशाही डावीकडे कललेला. नवीन माणूस त्या हॉलमध्ये थोडा वेळ उभा राहिला की नकळत स्वतःही डावीकडे कलायचा. कारण अगदी सोपं होतं. केंद्र उभं राहिलं तेव्हा खिळे ठोकणाऱ्याला ‘अजून जरा खाली, बस, खलास’ असं सांगायला समोर आमचे मुराकिब उभे होते, आणि मुराकिबांची मान डावीकडे वाकडी होती. त्यांना सरळ दिसलं तसं सगळं लागलं. त्यांच्यासमोर ‘हे वाकडं आहे’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मुराकिब म्हणजे परीक्षेचा पर्यवेक्षक. माणूस आपल्याकडचा, श्रीवर्धनच्या बाजूचा, पण सौदीत इतकी वर्षं काढलेला की त्यांचं खरं नाव फक्त इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, उरलं होतं. आमचं ऑफिस रियाधला ओलायामध्ये, एका काचेच्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर. बाहेरून येऊन इथल्या दवाखान्यात काम करायचं तर परवान्याची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यातली काही प्रात्यक्षिकं घ्यायचा ठेका आमच्या कंपनीकडे होता. खोल्या तयार ठेवणं, टेबलांवर चादरी घालणं, उमेदवारांना नंबराप्रमाणे आत सोडणं हे माझं काम. मी दापोलीचा. कामावर लागलो त्या दिवशी मुराकिबांनी मला गाव विचारलं, मी सांगितलं, आणि ते म्हणाले, “बरं झालं. आता तुझ्यावर दुप्पट ओरडायला हरकत नाय.”

त्यांनी तो शब्द पाळला.

सगळ्या परीक्षांमध्ये त्यांचा जीव कायरोप्रॅक्टरांच्या परीक्षेवर. हे लोक पाठीचे नि मानेचे मणके हाताने दाबून, एक छोटा झटका देऊन मोकळे करतात. झटका बसला की ‘कट्’ असा आवाज येतो आणि माणूस ‘हाश्श’ करतो. मुराकिब त्यांना ‘मणकेवाले’ म्हणत. आता परीक्षेत गंमत अशी, की टेबलावर झोपायला एकच धडधाकट माणूस आणलेला असतो, त्याला मॉडेल म्हणायचं, आणि दिवसभर एकामागून एक उमेदवार त्याच्याच मानेवर हात ठेवतात. प्रत्येकाने खरा झटका दिला तर संध्याकाळपर्यंत ती मान कुठल्या बाजूला बसेल याची हमी कुणी द्यायची? म्हणून नियम असा, की हात बरोबर जागी ठेवायचे, कोन दाखवायचा, दिशा दाखवायची आणि थांबायचं. ‘कट्’ ऐकू आलं की उमेदवार तिथल्या तिथे नापास.

हे सगळं नियमावलीत इंग्रजी आणि अरबीत भरपूर लांबण लावून लिहिलेलं होतं. मुराकिबांनी ते एका वाक्यात बसवलं होतं: “हात दिसू दे, आवाज नको.” हे वाक्य ते उमेदवारांना हिंदीत ऐकवत, परीक्षकांना इंग्रजीत ऐकवत, आणि पॅन्ट्रीत मी चहाचा भुरका मारला की मला मराठीत ऐकवत.

तर अशा माणसाची मान वाकडी. राबिघला रिफायनरीच्या कॅम्पात पहिली नोकरी करत असताना उशी मिळेना, म्हणून ते सेफ्टी हेल्मेट डोक्याखाली घेऊन झोपायचे. पुढे उशी मिळाली, पण तोवर मानेने निर्णय घेऊन टाकला होता. मान वळायचीसुद्धा नाही. मागून कुणी हाक मारली की ते ट्रक वळवावा तसे, आधी पाय, मग धड, मग सगळ्यात शेवटी चष्मा असे वळायचे. तोपर्यंत हाक मारणारा निघून गेलेला असे.

परीक्षेला आलेले कायरोप्रॅक्टर बाहेर खुर्च्यांवर बसून त्या मानेकडे टक लावून बघत. सुताराने डुगडुगतं स्टूल पाहावं तसे. काहींचे तर हात शिवशिवत. पास होऊन गेलेला एक दणकट कॅनेडियन परत आला आणि म्हणाला, “सर, दोन मिनिटं द्या. फुकट.” मुराकिबांनी त्याला जिन्यापर्यंत पिटाळलं.

“अहो, करून घ्या की,” मी म्हणालो. “तो तर पास झालाय, आता काय?”

“आणि त्याचा परवाना नव्यानं करायचा झाला तर? तो परत माझ्यासमोरच येनार ना? ह्या देशात एक मणकेवाला असा दाखव, जो माझ्या हाताखालून गेला नाय किंवा जायचा नाय. मान त्याच्या हातात दिली की मग माझा हात त्याच्यासमोर उठंल काय?”

“मग सुट्टीवर गावी जाल तेव्हा तिकडे दाखवा.”

“तिकडचा उद्या इकडं आला तर?”

मी चादरी मोजायला गेलो.

उमेदवाराकडून काही घ्यायचं नाही, हे त्यांनी किती ताणावं याला सुमार नव्हता. लिफ्टमध्ये उमेदवार असला तर ते आत शिरत नसत. त्याने दाबलेल्या बटणावर फुकट वर जाणं म्हणजे उपकार घेणं. एकदा एका उमेदवाराने रिसेप्शनवर खजुराचं खोकं ठेवलं. मुराकिबांना वाटलं कंपनीचं आहे, त्यांनी एक तोंडात टाकला. कळल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता रुग्णवाहिका बोलवावी लागते. दुसऱ्या दिवशी बत्थ्याच्या बाजारात फिरून त्यांनी नेमका तेवढ्याच आकाराचा, त्याच रंगाचा खजूर शोधून आणला, रिकाम्या खड्ड्यात नीट बसवला आणि खोकं मालकाकडे परत पाठवलं.

आपल्याकडचा कुणी उमेदवार निघाला तर मग बघायलाच नको. महाडचा एकजण बिचारा आनंदाने पुढे झाला. “चाचा, तुम्ही आपल्या रायगडचे ना?” तर हे इंग्रजीत म्हणाले, “मी कुठलाच नाही.” आणि पुढे तास-दीड तास माझ्याशीही इंग्रजीतच बोलले. त्यांचं इंग्रजी समजून घेण्यापेक्षा मणक्यांची परीक्षा सोपी होती.

पण खरी गंमत वेगळीच होती. हा माणूस पायाळू होता.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला. अशा माणसाने कमरेला हलकेच लाथ मारली की भरलेली उसण जाते, हे आपल्या कोकणात पोराटोरांना ठाऊक असतं. श्रीवर्धनला असताना मुराकिबांच्या दारात सकाळी माणसं पाठ करून उभी असत, आणि हे शाळेत जाता जाता एकेकाला लाथ घालून पुढे जात. ही कीर्ती समुद्र ओलांडून इथे आली होती. राबिघच्या कॅम्पातले फिटर, वेल्डर, रत्नागिरी-रायगडची सगळी मंडळी, कुणाची कंबर धरली की सुट्टीच्या दिवशी गाडी करून रियाधपर्यंत यायची. एवढा प्रवास करून कंबर आणखीच धरलेली असायची. ते यायचे, पाठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, “चाचा, पाय लावा.”

चाचा त्यांना बिर्याणी खायला घालायचे, चहा पाजायचे, पण पाय लावायचे नाहीत.

“अरं, परवाना हाय काय माझ्याकडं? बिगर परवान्यानं मणक्याला हात लावला तर मी दुसऱ्याला नापास करतो. आनि मी सोता पाय लावू? मुराकिब झालो तवापासून मना लाथ मारता येत नाय.”

मलाही त्याचा फटका बसला. परीक्षेचं टेबल सरकवताना माझ्या कमरेत अशी उसण भरली की मी कामावर काटकोनात यायला लागलो. एकीकडे वाकड्या मानेचे ते आणि एकीकडे वाकलेला मी, असे आम्ही मणक्यांची परीक्षा घ्यायला दारात उभे राहायचो. उमेदवारांना वाटायचं की आम्हीच प्रश्नपत्रिका आहोत. गोळ्या झाल्या, पट्टे झाले, उसण जायची आणि परत यायची. मी कितीदा तरी विनवलं. “साहेब, कुणी बघत नाहीये. एक लाथ. हळूच.”

“मी बघतोय ना,” ते म्हणायचे.

मग ती मुलगी आली.

ती रियाधमध्येच वाढलेली. वडील श्रीवर्धनचे, इथे कुठल्याशा गोदामात आयुष्य घालवलेले. तिने मलेशियात जाऊन हे शिक्षण घेतलं होतं. लेखी परीक्षा तिला डाव्या हातचा मळ, पण प्रात्यक्षिकात आधी दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा ‘कट्’मुळे. तिच्या हातालाच घाई. जागा सापडली की हात तिला न विचारता झटका देऊन मोकळे व्हायचे. नियमाप्रमाणे आता ही शेवटची संधी होती. उत्तरेकडच्या हाइल शहरातल्या एका दवाखान्याने तिच्यासाठी नोकरी धरून ठेवली होती. वडिलांची नोकरी संपत आलेली. त्यांचा इकामा संपला की त्यावर राहणाऱ्या सगळ्यांनाच गाशा गुंडाळावा लागणार. म्हणजे पास झाली तर हाइल, नाही तर शिकलेलं सगळं गुंडाळून घरी.

हे मला तिच्या वडिलांनी खाली टॉवरच्या दारातच सांगितलं. “ते वर आपले श्रीवर्धनचे साहेब हायत ना? त्यांना जरा—”

“पप्पा, प्लीज! डोन्ट!” मुलगी म्हणाली. “अंकल, आप कुछ मत बोलना.”

मी कशाला बोलतोय? मी बोललो असतो तर मुराकिबांनी तिला गेटवरूनच परत पाठवली असती.

त्या दिवशी आमचा मॉडेल आला नाही. हा एक शांत मलबारी गृहस्थ होता, टेबलावर झोपायचा तो खरंच झोपायचा. सकाळी त्याचा फोन आला. कॉटवरून उठताना पाठ धरली, हलता येत नाही. आता मॉडेल नाही तर परीक्षा रद्द, आणि परीक्षा रद्द झाली तर पुढची कित्येक महिन्यांनी. मुलीच्या वडिलांचा इकामा तोवर थांबणार नव्हता. नियमाने ऑफिसातला माणूस चालत होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काटकोनात उभा होतो. सगळ्यांनी नजर फिरवली.

“यल्ला, चला,” मुराकिब म्हणाले आणि बूट काढायला लागले.

परीक्षक दोघे होते, एक इजिप्तचे आणि एक जॉर्डनचे. शिवाय परवाना देणाऱ्या खात्याचा एक निरीक्षक खुर्चीवर बसून सगळं बघत होता. इजिप्तवाल्यांनी मुराकिबांची मान बघून जरा विचार केला. मग म्हणाले, हात ठेवून तर दाखवायचा आहे, झटका कुठे द्यायचाय? मुराकिब टेबलावर उताणे झोपले, मान अर्थातच डावीकडे. छताकडे बघत त्यांनी सगळ्यांना बजावलं, “मॉडेलनं हालायचं नाय, बोलायचं नाय. हा माझाच नियम हाय.”

सकाळचे उमेदवार नीट पार पडले. ज्या मानेसाठी त्यांचे हात शिवशिवत होते ती मान आयती हातात आलेली, आणि झटका मात्र द्यायचा नाही. दोघेजण तर बाहेर आले ते उपाशी माणसाने बिर्याणीचा नुसता वास घ्यावा तसे.

मुलगी आत आली. मी चादर सारखी करत कोपऱ्यात होतो. तिने हात पुढे केले. पण त्या दिवशी हात तिचं ऐकत होते. एक हात हनुवटीखाली, दुसरा मानेमागे, कोपर बरोबर वर. अगदी स्थिर. इजिप्तवाले मान डोलवायला लागले. झालंच होतं.

एवढ्यात समोर खुर्चीवर बसलेल्या त्या निरीक्षकाने खिशातून मोबाइल काढला.

परीक्षेच्या खोलीत मोबाइल! मुराकिबांना टेबलावरून दुसरं काही दिसलं नसतं, पण मोबाइल दिसला. आपण मॉडेल आहोत हे ते विसरले. ते गरजले, “मोबाइल!” आणि त्याच्याकडे मान फिरवली. ज्या मानेने इतकी वर्षं ट्रकसारखी वळणं घेतली ती एका दमात फिरली, आणि खोलीभर ऐकू गेलं: कट्, कट्, कटाकट्.

मुलीचे हात तिथेच होते. ती पांढरीफटक पडली.

इजिप्तवाल्यांनी पेन उचललं. “आवाज,” ते म्हणाले. जॉर्डनवाले म्हणाले, “आवाज.” त्यांनी तिला विचारलं, तू झटका दिलास का? ती रडत म्हणाली, “आय डोन्ट नो, सर. मेरे हाथ... पहले भी ऐसा हुआ है.” खरं सांगायचं तर तिलाही आपल्या हातांचा भरवसा नव्हता. दोघांनी सह्या केल्या. नापास.

मुराकिब उठून बसले. त्यांची मान सरळ झाली होती. लख्ख सरळ! त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, डोळे मिचकावले, आणि पुढच्या क्षणी दोन्ही हातांनी डोकं धरून ते परत डावीकडे वाकडं केलं.

“हे काय करताय?” मी बाहेर आल्यावर कुजबुजलो.

“फायदा झाला मना. उमेदवाराच्या हाताखाली. आता निकाल नक्की होईपर्यंत हा फायदा घ्यायचा नाय.”

“पण तिने काही केलंच नाही! तुम्हीच फिरवलीत मान!”

“हां,” ते म्हणाले आणि पॅन्ट्रीत जाऊन बसले. मी चहा दिला. तो त्यांनी वाकड्या मानेने, कोपऱ्यातून सांडत प्यायला. मग म्हणाले, “मी बोललो तर काय म्हनतील? तिच्या अर्जावर श्रीवर्धन लिवलंय. आपल्या गावची पोर, म्हनून म्हातारा फिरला. इतक्या वर्षांची माझी इज्जत एका दिवसात खलास.”

“आणि नाही बोललात तर?”

“तर ती पोर खलास.” त्यांनी कप खाली ठेवला. “आन् मान ठेवायची म्हनून गप बसलो, तर मी कसला मुराकिब?”

परीक्षेत गडबड झाली तर समितीकडे तक्रार करायची सोय होती, पण तक्रारीत गडबड करणाऱ्याचं नाव लागायचं. मुराकिबांनी इंग्रजीत तक्रार लिहिली आणि मला वाचायला दिली. त्यात होतं: मॉडेल हलला, मॉडेल ओरडला, मॉडेल हा बेजबाबदार आणि बेशिस्त माणूस असून त्याला परीक्षेच्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवू देऊ नये. खाली मॉडेल म्हणून स्वतःचं नाव, तक्रारदार म्हणूनही स्वतःचंच. आणि शेवटी एक ओळ: उमेदवार माझ्या तालुक्यातली आहे, तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण तपासा.

समितीच्या लोकांनी आधी त्यांना समोर झोपवून पुन्हा ओरडायला लावलं. ते झोपले, “मोबाइल!” म्हणून गरजले, मान फिरवली. काही आवाज नाही. पुन्हा गरजले. पुन्हा काही नाही. मान मोकळी झाली होती, आता काय वाजणार? ते घामाघूम झाले. शेजारच्या ऑफिसातले लोक आपापले मोबाइल बंद करून दारात येऊन उभे राहिले, एवढंच झालं.

मग चित्रण लावलं. कॅमेराही मुराकिबांनीच उभं राहून बसवून घेतलेला, त्यामुळे तो डावीकडे कललेला. पडद्यावर टेबल घसरगुंडीसारखं तिरकं आणि मॉडेलचं डोकं चौकटीबाहेर. समितीवाले वैतागले. ह्यात दिसतंय काय? दिसत होती फक्त मुलीची दोन कोपरं, पडद्याच्या ऐन मध्यभागी. सरळ बसवलेल्या कॅमेऱ्यात ती मुराकिबांच्या डोक्याआड गेली असती. आवाज आला, “मोबाइल!” मग कटाकट्. आणि कोपरं जागची हलली नव्हती. केसभरसुद्धा नाही. कोपर न हलवता झटका देणारा कायरोप्रॅक्टर अजून जन्माला यायचाय, असं स्वतः इजिप्तवालेच म्हणाले आणि त्यांनी आपली सही खोडली.

मुलगी पास झाली. तक्रारीतली दुसरी मागणीही मान्य झाली. बेशिस्त मॉडेलला परीक्षेच्या खोलीत कायमची बंदी.

निकालाचा कागद आल्यावर मुराकिबांनी डोकं दोन्ही हातांनी धरून सावकाश सरळ केलं आणि दारातून हॉलकडे पाहिलं. आत जायला त्यांना मनाई होती. त्यांचा चेहरा कठोर झाला. “ही घड्याळं-पाट्या कुनी वाकड्या लावल्या रं? इतकी वर्षं तुम्ही लोक करता काय?”

मी हसून हसून वाकलो आणि तसाच अडकलो. उसण.

कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये खुर्च्या सांभाळायचं काम देऊ केलं. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, खुर्च्यांनी त्यांच्याकडे. “खुर्ची काय कॉपी करत नाय, तिच्यावर लक्ष काय ठेवायचं,” म्हणाले, आणि त्यांनी कायमचं घरी जायचं ठरवलं. मुलीचे वडील मिठाई घेऊन आले तेव्हा ते सवयीने दोन पावलं मागे सरले. मग थांबले, एक पेढा उचलला, बराच वेळ हातात फिरवला आणि खाल्ला. त्यांना पेढा आवडतो हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं बरोबर काढली आणि ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

विमानतळावर सोडायला मी गेलो. त्यांची बॅग मीच उचलायला गेलो आणि व्हायचं तेच झालं. कंबर धरून मी ट्रॉलीला लटकलो. माणसं रांगेत पुढे सरकत होती.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग उजव्या पायातला बूट काढला.

“पाठ कर,” म्हणाले.

“साहेब, परवाना?”

“इकामा खलास, नोकरी खलास. आता मी मुराकिब नाय, श्रीवर्धनचा पायाळू हाय. हालू नको. बोलू नको.”

मी पाठ केली. रियाधच्या विमानतळावर, सगळ्या जगासमोर, मोजा घातलेला पाय माझ्या कमरेला लागला. हलकाच, दार ढकलावं एवढाच. आणि माझ्या कमरेतून स्पष्ट ऐकू आलं: कट्.

मी सरळ उभा राहिलो. डोळ्यांत पाणी होतं, ते काही कमरेमुळे नव्हतं.

“आवाज आला,” ते बूट घालता घालता म्हणाले. “मी नापास.”

मग बॅग घेऊन निघाले. मी मागून हाक मारली. मला वाटलं आता आधी पाय वळतील, मग धड. पण त्यांनी चालता चालता नुसती मान वळवून माझ्याकडे पाहिलं.